शांताबाई, कॅरन आणि आपले मथळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी मथळ्यांत, मोबाइलवर फिरणाऱ्या बातमीकार्डांत आणि विनोदी सदरांत बायकांची साधी नावं आता शिक्क्यासारखी वापरली जातात. तक्रार करणारी असेल तर ती ‘कॅरन’, धुणीभांडी करणारी असेल तर ‘शांताबाई’ नाहीतर ‘कांताबाई’. आम्ही भाषांतर आणि मुद्रितशोधन करणारी माणसं. मजकुरात नाव कुठं नाव म्हणून येतं आणि कुठं दुसरंच काही होऊन बसतं, हे पाहणं आमच्या रोजच्या कामात येतं. हे घडतं कसं आणि वृत्तपत्राच्या टेबलावर ते कुठं अडवता येईल, ते सांगण्यासाठी हे पत्र.

विशेषनामाचं सामान्यनाम होतं, हा भाग शाळेच्या व्याकरणात सगळ्यांनीच वाचलेला आहे. आजोबा म्हणजे जमदग्नी, शेजारीण म्हणजे त्राटिका. त्यात कुणाचं फारसं बिघडत नाही. दोन्ही नावांमागं एकेक कथा आहे आणि मुलीचं नाव त्राटिका कुणी ठेवत नाही. शांता, कांता, कॅरन, सोनम ही मात्र बारशाला ठेवलेली नावं आहेत. हजेरीपटावर, रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर ती लिहिलेली असतात. शिवाय त्यांच्यामागं कृत्य काहीच नाही. त्राटिकेनं काय केलं ते सांगता येतं. शांताबाईनं काय केलं?

नावाचा शिक्का झाला की नाही, हे मराठीत चटकन ओळखता येतं. विशेषनामाचं अनेकवचन सहसा होत नाही. ‘या शांताबायांना कितीही सांगा’ असं वाक्य आलं, ‘काल एक कॅरन भेटली’ असा नावाआधी ‘एक’ लागला, किंवा ‘कॅरनगिरी’ असा पुढं ‘गिरी’ चिकटला, की समजावं, आता ते कुणाचं नाव उरलं नाही. मुद्रित वाचताना या तीन जागांवर पेन्सिल थांबायला हवी.

‘कॅरन’ मूळचं डॅनिश, कॅथरीन या नावाचं रूप. अमेरिकेत जन्मलेल्या बाळांच्या नावांची वर्षवार मोजदाद तिथलं सामाजिक सुरक्षा प्रशासन प्रसिद्ध करतं. १९६५ साली मुलींच्या नावांत कॅरन तिसऱ्या क्रमांकावर होतं आणि त्या एका वर्षात ३२ हजारांहून जास्त मुलींना ते मिळालं. पुढं त्याची चलती ओसरली. २०२० मध्ये या मुली पंचावन्न वर्षांच्या झाल्या होत्या. म्हणजे नुसतं नाव उच्चारलं तरी वयाचा आणि बऱ्याच अंशी वर्णाचाही अंदाज बांधता येतो. टिंगलीला असंच नाव सोयीचं पडतं. फार विरळ नाव एकाच बाईला चिकटून राहतं. सगळ्या पिढ्यांत सारखं चालणारं नाव घेतलं तर डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. एका पिढीत घरोघरी असलेलं आणि पुढच्या पिढीनं टाकून दिलेलं नाव मात्र या कामाला पुरेपूर येतं. मग त्याला केसांचा एक विशिष्ट कट दिला जातो, ‘मॅनेजरला बोलवा’ हे एक वाक्य दिलं जातं, आणि कुणाही अनोळखी बाईवर ते चढवता येतं. घट आधीपासूनच होती, पण २०१९ साली ४३९ मुलींना मिळालेलं हे नाव २०२० साली ३२५ मुलींनाच मिळालं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. अमेरिकेत या शब्दाला खरंखुरं काम होतं. आपल्यावर सत्ता गाजवणाऱ्या गोऱ्या बाईला कृष्णवर्णीय अमेरिकन लोक पूर्वी ‘मिस ॲन’ म्हणत. आपसात, दबक्या आवाजात धोका ओळखण्यासाठी ते नाव होतं. २०१८ मध्ये ऑकलंडच्या तळ्याकाठी कोळशाची शेगडी पेटवली म्हणून एका गोऱ्या बाईनं कृष्णवर्णीय माणसांविरुद्ध पोलिसांना फोन केला, तेव्हा तिला लोकांनी दिलेलं ‘बेकी’ हे नाव गाजलं. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये कुत्र्याला साखळी लावा असं सांगणाऱ्या कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकाविरुद्ध असाच फोन झाला, आणि ‘कॅरन’ जगभर पोचलं. तिथं असा एक फोन एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं वंशद्वेषातून केलेल्या खोट्या पोलीस-फोनांविरुद्ध नियम मंजूर केला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतूनही मुद्दाम तेच नाव जुळवलं होतं. पण वंशभेदाचा हा संदर्भ गळायला फार दिवस लागले नाहीत. बिल चुकलं म्हणून विचारणारी, रांग मोडू न देणारी, आवाज चढवणारी कोणतीही पन्नाशीची बाई कॅरन ठरू लागली.

मराठीत हा शब्द आला तो संदर्भ गळून गेल्यावर. आपल्याकडं तो सोसायटीच्या सभेत हिशेब मागणारीला लागतो, रिक्षावाल्याला मीटर टाका म्हणणारीला लागतो, रात्री दहानंतर स्पीकर बंद करा म्हणणारीला लागतो. हाच हिशेब पुरुषानं मागितला तर तो ‘जागरूक सभासद’. हे आम्हाला मनापासून टोचतं, कारण महाराष्ट्रात तक्रार करणाऱ्या बायकांचा इतिहास मोठा आहे. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या मृणालताईंना लोकांनी नाव दिलं ‘पाणीवाली बाई’. त्या नावात मान होता, आणि ते त्यांनी केलेल्या कामावरून पडलं होतं.

आता शांताबाई. गेल्या शतकात हे नाव कुणा एका थराचं नव्हतं. कवयित्री शांता शेळके, आंबेडकरी चळवळीतल्या नाशिकच्या शांताबाई दाणी, दलित स्त्रीच्या आत्मकथनाची वाट घालून देणाऱ्या शांताबाई कांबळे, आणि करारावरून १९३९ साली आपल्याच स्टुडिओच्या फाटकावर उपोषणाला बसलेल्या अभिनेत्री शांता आपटे, या साऱ्याजणींचं ते नाव. पुढं मुलींची नावं बदलत गेली, शांता जुन्या वळणाचं ठरलं, आणि विनोदी नाटुकल्यांतून, चुटक्यांतून ते मोलकरणीसाठी राखीव झालं. पदर खोचलेला, हातात केरसुणी, खाडा करण्याची सवय आणि मालकिणीच्या घरातलं चारचौघांत सांगणारी जीभ, एवढ्यात तिचं सगळं चित्र आटोपतं. चुटक्यांत बंड्या आणि गण्याही असतात, पण ती घरात हाक मारायची नावं आहेत. आणि चुटक्यातला बंड्या शेवटी गुरुजींवर कडी करतो. कांताबाईला कडी करायला सहसा कुणी देत नाही.

यात ‘बाई’ या शब्दाचंही पाहण्यासारखं आहे. जिजाबाई, सावित्रीबाई, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर यांच्या नावातला ‘बाई’ आदराचा. शाळेत शिकवतात त्याही बाई. फरक क्रियापदात पडतो. शाळेत ‘बाई आल्या’, स्वयंपाकघरात ‘बाई आली’. एकाच शब्दाला एका ठिकाणी आदरार्थी अनेकवचन आणि दुसऱ्या ठिकाणी एकवचन. बातमीतही हाच फरक उतरतो. डॉक्टर महिला ‘म्हणाल्या’ आणि त्याच परिच्छेदात घरकाम करणारी ‘म्हणाली’. उपसंपादकानं दुसरं काही केलं नाही, फक्त क्रियापदं सारखी केली, तरी निम्मी कुचेष्टा गळून पडेल. २००८ च्या राज्याच्या कायद्यात या कामाला ‘घरेलू कामगार’ असा शब्द आहे. त्याखाली १८ ते ६० वयोगटातल्या कामगारांची नोंदणी होते, आणि ती प्रत्येकीच्या पूर्ण नावानं होते.

सोनमची गोष्ट तर याहून हवेतली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये दहाच्या नोटेवर कुणीतरी लिहिलेलं ‘सोनम गुप्ता बेवफा है’ हे वाक्य फिरलं. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि तेच वाक्य नव्या दोन हजारांच्या नोटेवर येऊन देशभर पोचलं. लिहिणारा कोण आणि सोनम कोण, याचा पत्ता नसतानाही त्या नावाच्या प्रत्येक मुलीकडं लोक खुलासा मागू लागले.

‘नावात काय एवढं’ असं म्हणणाऱ्यांनी जर्मनीतली एक पाहणी लक्षात घ्यावी. ओल्डेनबर्ग विद्यापीठानं २००९ मध्ये प्राथमिक शिक्षकांना मुलांच्या नावांवरून काय वाटतं ते विचारलं. शार्लोट, मारी या नावांच्या मुली हुशार आणि मनमिळाऊ वाटल्या. शांताल, मँडी या नावांशी मात्र बेताची बुद्धी आणि बेशिस्त जोडली गेली. मूल वर्गात यायच्या आधीच.

आता टेबलावरच्या कामाकडं येतो. मथळ्यातलं टिंगलीचं नाव काढून मथळा पुन्हा वाचावा. माहिती कमी झाली नसेल तर ते नाव तिथं नकोच होतं. उदाहरणादाखल, ‘सोसायटीतल्या कॅरनचा पार्किंगवरून राडा’ याऐवजी ‘पार्किंगच्या वादातून सुरक्षारक्षकाला मारहाण, महिलेवर गुन्हा’. दुसऱ्या मथळ्यात काय झालं ते कळतं, आणि मारहाण झाली नसेल तर तो लिहिताच येत नाही. पहिला मात्र नुसत्या बोलाचालीवरही खपून जातो. खरी गोम तिथं आहे.

नेहमीच्या चुका दोन. एक म्हणजे कांताबाई काढून तिच्या जागी सुनीता किंवा मंगल घालणं. त्यानं फक्त शिक्का दुसरीकडं सरकतो. दुसरी म्हणजे एकेरी अवतरणचिन्हं घालून मोकळं होणं. अवतरणात घातल्यानं शब्द सौम्य होत नाही, उलट वाचकाचं लक्ष तिथंच जातं. आणि एखाद्या बाईनं खरोखर वंशद्वेषी किंवा जातिवाचक शिवीगाळ केली असेल, तर ‘कॅरन’ म्हणून ती हलकी करू नये. तिनं जे केलं ते स्पष्ट लिहावं.

ऑनलाइन आवृत्तीत हे काम जास्त किचकट आहे. छापील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. संकेतस्थळावर मात्र तोच मथळा किमान पाच जागी असतो: पानावर, ब्राउझरच्या टॅबमध्ये, दुव्यातल्या रोमन अक्षरांत, समाजमाध्यमावरच्या कार्डात आणि व्हिडिओच्या थंबनेलवर. पानावरचा मथळा बदलला तरी उरलेल्या चार जागा बऱ्याचदा तशाच राहतात. दुवा बदलायचा तर जुन्या दुव्यावरून नव्याकडं वाट लावावी लागते, नाहीतर आधी पाठवलेले सगळे दुवे तुटतात. कार्ड त्या त्या माध्यमाच्या साठवणीत राहतं, त्यामुळं त्यांच्या तपासणी-साधनातून ते पुन्हा मागवावं लागतं. आणि मोबाइलवर गेलेली सूचना वाचकानं वाचली की परत येत नाही. तिच्यातलं नाव पाठवण्याआधीच तपासायला हवं. ही सूचना पुष्कळदा सर्वांत घाईत लिहिली जाते, आणि असली नावं तिथंच जास्त घुसतात.

छायाचित्रांचा संग्रहही एकदा पाहावा. घरकाम करणाऱ्या बाईच्या प्रातिनिधिक फोटोला शोधशब्द म्हणून ‘कांताबाई’ दिलेला असेल, तर पुढच्या प्रत्येक बातमीला ओळ लिहिणाऱ्याच्या हाती तोच शब्द आधी लागणार. तिथं ‘घरेलू कामगार’ हा शोधशब्द घालून जुना काढून टाकावा, ही विनंती.

आपले,
भाषांतर आणि मुद्रितशोधन करणारे काही वाचक, पुणे