पाठीच्या शस्त्रक्रियेला परतीची तारीख लावू नका

संपादक महोदय,

एखाद्या नामांकित खेळाडूच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली की क्रीडापानावरच्या बातमीत तीन गोष्टी हमखास असतात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, डॉक्टर समाधानी आहेत आणि अमुक आठवड्यांत खेळाडू मैदानात दिसेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बरीच वर्षं खेळाडूंबरोबर, त्यातही वेगवान गोलंदाजांबरोबर, काम करते आहे. यातली तिसरी गोष्ट निदान शस्त्रक्रियेच्या दिवशी तरी छापू नका, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे.

मुळात ‘पाठीची शस्त्रक्रिया’ असं म्हटल्याने काहीच कळत नाही. दोन मणक्यांमधली गादी सरकून तिचा तुकडा नसेवर दाबत असेल तर तेवढा तुकडा काढतात. मायक्रोडिस्केक्टमी म्हणतात ती हीच. पायात उतरणारी कळ यानंतर बऱ्याचदा लगेच थांबते आणि खेळाडू दुसऱ्या दिवशी चालायलाही लागतो. पण गादीच्या कडेला पडलेली फट भरायला वेळ लागतो आणि त्याच काळात वाकणं, पिळणं, ओझं उचलणं नडलं तर त्याच जागेतून गादी पुन्हा बाहेर येऊ शकते. व्यावसायिक खेळाडूला साधारण तीन ते सहा महिने लागतात.

वेगवान गोलंदाजाचं दुखणं बहुधा वेगळं असतं. पुढचा पाय क्रीझवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहूनही जास्त जोर खालून वर येतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळत असलेली असते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवावी तसं मणक्याच्या मागच्या बाजूचं हाडाचं एक अरुंद जोडपट्टीसारखं अंग दर चेंडूला ताणलं जातं आणि शेवटी तिथे चीर पडते. उजव्या हाताने टाकणाऱ्याला ती बहुतेक वेळा डाव्या बाजूला सापडते. हे स्ट्रेस फ्रॅक्चर. विश्रांतीने जुळत नसेल किंवा पुन्हा पुन्हा होत असेल तरच स्क्रू किंवा तार घालून हाड बांधतात. मग सहा महिने ते वर्ष धरून चालावं लागतं. तिसरा प्रकार म्हणजे दोन मणके कायमचे एकमेकांना जोडून टाकायचे, फ्यूजन. या तिघांना एकच मथळा आणि एकच कालावधी कसा चालेल?

शस्त्रक्रियेनंतरचा काळ वाचकांना कधी दिसत नाही, म्हणून थोडं तपशिलात लिहिते. ताशी एकशेचाळीस किलोमीटरने चेंडू टाकणाऱ्या माणसाला पहिल्यांदा शिकवावं लागतं ते पलंगावरून उठणं. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग हाताने रेटून अंग वर आणायचं, कंबर न पिळता. बुटाची नाडी बांधायला वाकायचं नाही. खूप वेळ बसायचंही नाही, कारण पुढे वाकून बसलं की उभं राहण्यापेक्षा गादीवर जास्त दाब येतो, हे बहुतेकांना पहिल्यांदाच कळतं. मग चालणं, पोटाच्या आणि पाठीच्या खोलवरच्या स्नायूंना हळूहळू जागं करणं, खुब्याची हालचाल मोकळी करणं. खुबा वळत नसेल तर ते वळणं कंबर आपल्या अंगावर घेते आणि दुखापत तिथूनच पुन्हा सुरू होते. त्यानंतर धावणं. बऱ्याच दिवसांनी हातात चेंडू येतो, तोही जागच्या जागी उभं राहून टाकण्यापुरता. पुढे चार पावलांचा रनअप, अर्धा रनअप, पूर्ण रनअप पण कमी वेगाने. पूर्ण वेग सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर चेंडू मोजले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ काय म्हणते ते बघून पुढची पायरी ठरते. सकाळी ताठरपणा असेल तर मागे यायचं. या वेळापत्रकात शेवटची तारीख आधी लिहून ठेवता येत नाही.

जसप्रीत बुमराहचं उदाहरण सगळ्यांच्या समोर घडलेलं आहे. सप्टेंबर २०२२ नंतर तो खेळला नाही. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. क्रिकेट मंडळाने एप्रिलमध्ये अधिकृतपणे सांगितलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी पुनर्वसन सुरू करावं असा तज्ज्ञांचा सल्ला होता आणि त्यानुसार ते आता सुरू झालं आहे. नुसतं सुरू झालं आहे, हे लक्षात घ्या. ऑगस्टमध्ये तो आयर्लंडविरुद्ध कर्णधार म्हणून उतरला आणि पहिल्याच षटकात दोन बळी घेतले. तेव्हा सगळीकडे तो पूर्ण बरा झाला असं लिहून आलं. माझ्या मते त्याच्या परतीची खरी कहाणी पुढच्या महिन्यांत आहे. आधी टी-ट्वेंटी सामने, जिथे गोलंदाजाला फार तर चार षटकं टाकावी लागतात, मग आशिया चषकात एकदिवसीय सामने, जिथे फार तर दहा, आणि कसोटी थेट डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत. चढत्या भाराने आणलं, म्हणून तो पुढच्या वर्षी टी-ट्वेंटी विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि तरीही २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दीडशेहून अधिक षटकं टाकून ३२ बळी घेतल्यावर सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीमुळे तो गोलंदाजीला येऊ शकला नाही, चॅम्पियन्स करंडकालाही मुकला. पुढे इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोटी खेळला, तर त्यावर केवढा गदारोळ झाला. मला तो निर्णय पूर्ण पटला होता. एकदा बांधलेली पाठ आयुष्यभर हिशेबाने वापरावी लागते.

हार्दिक पांड्याचं तर मला त्या वेळी फार वाईट वाटायचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनला त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. फलंदाज म्हणून तो पुढच्या वर्षी परतला, पण गोलंदाजी परत यायला कितीतरी जास्त काळ लागला. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात त्याने जेमतेम चार षटकं टाकली आणि ‘गोलंदाजी करणार नसेल तर संघात कशाला’ ही चर्चा दिवसरात्र चालली. फलंदाजी करणारी पाठ आणि चेंडू टाकणारी पाठ यांच्यावरचा भार अगदी निराळा असतो, हे त्या चर्चेत कुणी सांगितलं नाही. मे २०२२ मध्ये आयपीएलच्या अंतिम सामन्यात त्याने १७ धावांत ३ बळी घेतले. शस्त्रक्रियेपासून अडीच वर्षांहून अधिक काळ झाला होता.

तारीख छापल्याने काय होतं, ते मी उपचाराच्या खोलीत बघते. खेळाडू ती वाचतो. त्याचे घरचे वाचतात, निवडणारे वाचतात, करार करणारे वाचतात. ती तारीख जवळ आली की तो खोटं बोलायला लागतो. दहापैकी किती दुखतंय असं विचारलं तर ‘शून्य’ म्हणतो आणि बोलता बोलता हात कमरेवर जातो. त्याच्या उत्तरापेक्षा मी त्या हाताकडे बघते. पायमोजा घालताना तो उभ्याने घालतो की भिंतीला टेकून, गाडीतून उतरताना आधी कुठला पाय बाहेर काढतो, हेही बघते. त्याला मी दोष देत नाही. त्याची कारकीर्दच मोजक्या वर्षांची असते आणि त्याच्या जागेवर दुसरा उभा असतो. पण त्याच्यावरच्या या दडपणात आपल्या बातमीची भर पडू नये.

सगळ्यात जास्त काळजी मला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची वाटते. या वयात कमरेचं हाड अजून पक्कं व्हायचं असतं आणि स्ट्रेस फ्रॅक्चर तरुण गोलंदाजांमध्ये जास्त दिसतं. मोठ्या खेळाडूच्या शस्त्रक्रियेची बातमी आली की पालक विचारतात, ‘मॅडम, ह्याचंही ऑपरेशन करून टाकू का? लवकर मोकळा होईल.’ त्यांना काय सांगू? या वयात चीर लवकर पकडली आणि गोलंदाजी पूर्ण थांबवली तर ती बहुतेक वेळा काही महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय जुळते. थांबणं हाच उपचार असतो, आणि तोच कुणाला नको असतो.

अशा पालकांना मी ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सबद्दल सांगते. नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी पहिली कसोटी, दुसऱ्या डावात ६ बळी, सामनावीर. पाठीच्या आणि इतर दुखापतींमुळे दुसरी कसोटी थेट मार्च २०१७ मध्ये. सव्वापाच वर्षांहून अधिक काळ मध्ये गेला. पुढे तो ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला आणि २०२३ चा विश्वचषक त्याने उचलला. त्याहून जुनं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्याच वेगवान गोलंदाज डेनिस लिलीचं. १९७३ मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यात त्याच्या पाठीत चिरा सापडल्या. तेव्हा एमआरआय नव्हता. त्याचं धड प्लास्टरमध्ये ठेवलं, मग चिकाटीने व्यायाम केले, मधल्या काळात तो नुसता फलंदाज म्हणून खेळला आणि १९७४-७५ च्या इंग्लंडविरुद्धच्या अ‍ॅशेस मालिकेत परतला. ३५५ कसोटी बळींवर तो थांबला. या दोघांनाही आठवड्यांच्या हिशेबात बसवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

दुसरी बाजूही वाचकांपर्यंत यायला हवी. गोल्फपटू टायगर वुड्सच्या पाठीवर २०१४ मध्ये एक आणि २०१५ मध्ये दोन शस्त्रक्रिया झाल्या, २०१७ मध्ये फ्यूजन. २०१९ ची मास्टर्स ही मोठी गोल्फ स्पर्धा त्याने जिंकली तो दिवस सगळ्यांना आठवतो. पण त्यानंतरही २०२० च्या अखेरीस, २०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये त्याच्या पाठीवर पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. बास्केटबॉलमधला लॅरी बर्ड १९९१ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून परतला आणि पुढच्याच वर्षी त्याला निवृत्त व्हावं लागलं. तेव्हा यश मोजायचं तर पहिल्या सामन्यावर मोजू नका, दुसरा हंगाम संपल्यावर मोजा.

आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी पुढच्या वेळी एवढं विचारावं: शस्त्रक्रिया गादीची की हाडाची? खेळाडू सध्या कोणत्या पायरीवर आहे, चालतो आहे, धावतो आहे की चेंडू टाकतो आहे? टाकत असेल तर पूर्ण रनअपने का? ही माहिती संघाचे फिजिओ कित्येकदा आनंदाने देतात, पण त्यांना कुणी विचारत नाही. आणि नावाजलेल्या खेळाडूच्या शस्त्रक्रियेची बातमी देताना शेवटी दोन ओळी शाळकरी गोलंदाजांच्या पालकांसाठी घाला: एका बाजूला कंबर दुखत असेल, मागे वाकल्यावर कळ येत असेल आणि ते दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर गोलंदाजी बंद करा आणि तपासणी करून घ्या.

आपली,
एक क्रीडा फिजिओथेरपिस्ट