चि. मेघास, फार्मसीच्या विचाराबद्दल

चि. मेघा,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून फार्मसी करू काय, असं परवा फोनवर विचारलंस आणि मी ‘बघू’ म्हणून फोन आईकडे दिला. राग नव्हता. असली बोलणी मला फोनवर जमत नाहीत, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

वयाचं आधी बाजूला काढू. अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा कॉलेज, लोक काय म्हणतील, ही आईची काळजी. लोक चार दिवस बोलतील आणि पाचव्या दिवशी बीपीच्या गोळ्या कुठल्या वेळेला घ्यायच्या ते तुलाच विचारायला येतील. वर्गात अठरा वर्षांची पोरं ‘दीदी’ म्हणतील, तेवढं सोस.

शिक्षणाचं म्हणशील तर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, तू फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतलं होतंस, ते आता कामाला आलं. नुसत्या बी.कॉम.वर दार उघडलं नसतं. डी.फार्म. म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, दोन वर्षांचा, त्यावर किमान तीन महिने मिळून 500 तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. शिवाय 2022 च्या नियमांनी डिप्लोमावाल्यांना एक्झिट परीक्षा लावली आहे, तीन पेपरांची. ती सुटल्याशिवाय फार्मासिस्ट म्हणून नाव लागत नाही. मी काम करतो त्या मेडिकलच्या मालकांचा पुतण्या त्याच धास्तीत आहे. बी.फार्म. म्हणजे डिग्री, चार वर्षांची, तिला ही परीक्षा नाही, पण प्रवेशाला सीईटी. पुढे ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं मनात आलं तर डिग्रीच लागते. डी.फार्म. करून बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. तुझ्या जागी मी असतो तर आधी डी.फार्म. केलं असतं. दोन-अडीच वर्षांत हातात काहीतरी येतं, आणि पुढं शिकायची हौस उरली तर रस्ता मोकळा असतो. चार वर्षं बिनपगारी बसणं तुला जड जाईल. स्कूटरचे हप्ते अजून चालू आहेत ते मला ठाऊक आहे.

हे सगळं तुला मोबाईलवर पण मिळालं असतं. मला सांगायचंय ते वेगळं आहे. तू म्हणालीस, ‘दिवसभर लोकांचे विम्याचे क्लेम नाकारायचं काम करून जीव विटलाय, आता लोकांच्या उपयोगी पडायचंय.’ हे ऐकून मी गप्प झालो. कारण काउंटरवरचं अर्धं काम नाही म्हणायचंच असतं. तिथं पुण्यात तू नाही म्हणतेस ते फाईलला. इथं बेळगावात समोर माणूस उभा असतो, बहुतेक वेळा ओळखीचा.

रात्री नऊच्या सुमाराला एखादा येतो. ‘झोप लागत नाही, त्या नेहमीच्या गोळ्या द्या.’ चिठ्ठी? ‘घरात राहिली.’ मागच्या महिन्यातही घरातच राहिली होती. त्या गोळ्या अल्प्राझोलामच्या, शेड्यूल एच-वन मधलं औषध, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या कडक यादीतलं. मार्च 2014 पासून असल्या औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. चिठ्ठीच नसेल तर रजिस्टरात लिहिणार काय? मालक शांतपणे नाही म्हणतात. तो माणूस आवाज चढवतो, ‘दहा वर्षं तुमच्याकडं येतोय की मी,’ आणि तणतणत दुसऱ्या दुकानात जातो. तिथं त्याला मिळतं सुद्धा. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरची शुगरची, बीपीची औषधंही तिकडूनच जातात. नियम पाळल्याबद्दल कुणी हार घालत नाही, मेघा. गल्ल्यातले पैसे तेवढे कमी होतात.

आणि हो म्हणायचं ते पण सोपं नाही. बैलहोंगलकडची एक म्हातारी मुलाबरोबर आली होती, संधिवाताची. चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेततं. मी खणातून पट्टी काढून बिल करायला घेतलं होतं. मालकांनी पट्टी हातात धरली आणि मुलाला विचारलं, कुठल्या वारी देणार? तो म्हणाला, रोज रात्री जेवल्यावर. बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या, ही पण तशीच असेल असं त्याला वाटलं. मालकांनी स्टूल पुढं ओढून म्हातारीला बसवलं, कन्नडमधून सावकाश समजावलं, पाकिटावर जाड पेनानं ‘सोमवार’ लिहिलं आणि मुलाकडून सगळं परत म्हणवून घेतलं. बरोबरची फॉलिक अॅसिडची गोळी त्याच दिवशी घ्यायची की दुसऱ्या, हे चिठ्ठीत नीट नव्हतं, त्यासाठी डॉक्टरांना फोन लावला. मागं सात-आठ माणसं खोळंबली होती. त्यात चंदगडची शेवटची गाडी पकडायची म्हणून एक जण सारखा घड्याळ दाखवत होता. मालकांनी मान वर केली नाही.

दुकानातल्या कुठल्या खणात काय आहे ते मी डोळे मिटून सांगेन. पट्टी कापताना तारीख आणि बॅच नंबर असलेली बाजू शेवटपर्यंत राखायची, इन्सुलिनचा फ्रिज 2 ते 8 डिग्रीच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, लाईट गेली की आधी तिकडं बघायचं, हे सगळं हातात बसलंय. पण वार कुठला, हे विचारायचं मला सुचलं नसतं. तो फरक शिक्षणाचा आहे, आणि तेवढ्यासाठी तू शिकणार असलीस तर माझी पूर्ण संमती.

फार्मसी कायदा 1948 चा. तो नवा असताना पाच वर्षं औषधं बनवण्याचा अनुभव असलेल्या जुन्या कंपाउंडरांचीही नावं फार्मासिस्टांच्या पहिल्या रजिस्टरात लागली. माझ्या वेळेपर्यंत ते दार बंद झालेलं होतं. असो.

आता तुझ्या मामाचा सल्ला. त्यानं तुलाही सांगितलाच असेल. डी.फार्म. करून टाक, सर्टिफिकेट कुणाच्या तरी दुकानात लाव, महिन्याला घरबसल्या पैसे येतील आणि पुण्याची नोकरी पण चालू राहील. हे सर्रास चालतं, मला माहीत आहे. भिंतीवर फोटोसकट एका बाईचं नाव, ती बाई तिसऱ्याच गावात, आणि काउंटरवर बारावी नापास पोरगा. त्या दुकानात कुणाला चुकीची गोळी गेली तर कागदावर नाव तुझं. ज्याला वार विचारायचा तो माणूसच दुकानात नाही, मग ते शिक्षण कशाला? मामाला मी काय बोललो ते आईला विचार, इथं लिहीत नाही.

पैशाचं खरं सांगतो. ज्या औषधांवर सरकारनं किंमत बांधून दिली आहे त्यांत दुकानदाराचा नफा 16 टक्के धरलेला, बाकीच्यांत रिवाजानं 20. त्यातून भाडं, लाईट, माणसांचे पगार, एक्स्पायरीला गेलेला माल. वर गिऱ्हाईक मोबाईल दाखवून म्हणतं, ऑनलाईनला इतकी सूट आहे, तुम्ही किती देता? दुसऱ्याच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी राहिलीस तर सुरुवातीचा पगार तुझ्या आताच्या पगाराहून कमीच असेल. हॉस्पिटलच्या फार्मसीत जरा बरा, पण पाळ्या आणि रात्रपाळी. स्वतःचं दुकान काढायचं मनात असेल तर ते लगेच नको. दहा चौरस मीटर जागा, फ्रिज आणि लायसन्स मिळवता येतं. उधारी ओळखायला मात्र वर्षं लागतात.

कॉलेज कुठलं, हा प्रश्न आपल्याकडे दुहेरी. महाराष्ट्रात प्रवेश घ्यायचा तर सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय आहे. वादग्रस्त 865 गावांतलं राहणं, शिक्षण आणि मराठी मातृभाषा यांचे दाखले लागतात. पुण्यातच राहायचं ठरवलंस तर त्याचा उपयोग होईल. माझं मत विचारशील तर बेळगावात कर. जेवणाखाणाचा खर्च वाचेल. शिवाय इथं चिठ्ठी घेऊन येणारा निम्मा पेशंट कन्नड बोलणारा, आणि तुझं कन्नड शाळेत पास होण्यापुरतंच राहिलंय. ते पुण्यात सुधारणार नाही. एक लक्षात ठेव, नाव राज्याच्या रजिस्टरात लागतं. बेंगळुरूच्या कौन्सिलकडे नोंदणी केलीस आणि उद्या कोल्हापुरात काम करायचं झालं तर तिकडच्या रजिस्टरात नाव लावून घ्यावं लागेल. होतं ते, पण हेलपाटे आहेत.

राजीनामा एवढ्यात देऊ नकोस. गणपतीला येशील तेव्हा चार दिवस जास्तीची रजा काढ. मालकांशी बोललोय. संध्याकाळी सहा ते दहा काउंटरच्या आत एका बाजूला उभी राहा. औषधाला हात लावायचा नाही, कुणाला काही सांगायचं नाही, फक्त बघायचं. सणात गर्दी असते, उधारी मागणारे असतात, ओरडणारे पण असतात. चार दिवसांनी पायाला कळ लागून सुद्धा तुला हेच करावंसं वाटलं तर फीचं काय ते आपण दोघं बसून बघू. वडगावच्या घरावर कर्ज काढायचं नाही, एवढं मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

तुझं पीयूसीचं मार्क्स कार्ड कपाटात सापडलं. टीसी मिळत नाही, तुझ्याकडे आहे काय ते कळव.

तुझे,
बाबा