पिकअपला मागे डबल टायर: आई-बाबांना पत्र

भोसरी, पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पिकअपला मागे डबल टायर करून घेतले तर सीताफळाच्या हंगामात एका खेपेला जास्त माल जाईल का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नुसतं हो-नाही सांगून या कामात भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तू वाचून दाखव. मधले आकडे तुझ्या वहीत उतरवायचे आहेत.

उत्तर आधी सांगते. आपल्या गाडीला हे करू नका. टायर वाढले म्हणून गाडीची वजन पेलायची ताकद वाढत नाही. शिवाय आपली भरलेली गाडी सासवडहून मार्केट यार्डाला जाते ती दिवे घाट उतरत. चढाला वजन जास्त झालं तर इंजिन दमतं आणि गाडी थांबते. उताराला वजन जास्त झालं तर ब्रेक तापतात, आणि मग गाडी थांबतच नाही. डबल टायर केल्यानं ब्रेकमध्ये काडीचाही फरक पडत नाही.

तुम्हाला ज्यानं सुचवलं त्याचं म्हणणं कुठून येतं तेही सांगते, कारण अर्धं खरं आहे. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे १०६/१०४ असा जोडआकडा असतो. पहिला टायर एकटा असतानाचा, दुसरा जोडीत असतानाचा. १०६ म्हणजे ९५० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. जोडीत दोघांवर वजन कधीच सारखं येत नाही, म्हणून तिथे कमी धरतात. असे दोन टायर मागे असतील तर ते १,९०० किलो पेलतात, चार असतील तर ३,६००. कागदावर जवळजवळ दुप्पट दिसतं. पण ते वजन पुढे एक्सल (मागच्या दोन चाकांमधला आडवा दांडा), बेअरिंग, कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा), चासी आणि ब्रेक यांच्यावरच जातं, आणि ती सगळी जुनीच राहतात. वर दोन जादा टायर आणि त्यांच्या डिस्क (टायर बसतो ते लोखंडी चाक) यांचं पन्नासेक किलो वजन वाढतं, ते आपल्याच मालातून वजा होतं.

आता काम कसं करतात ते. स्वस्तातली पद्धत म्हणजे हबवर, म्हणजे चाक जिथे कसतात त्या मधल्या भागावर, अडॅप्टर नावाचा एक जाड जोडतुकडा बसवायचा आणि त्यावर खोल पोटाच्या दोन डिस्क पाठीला पाठ लावून कसायच्या. दोन टायरांच्या मध्यरेषांत साधारण २३० मिलिमीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर वजनाखाली फुगलेल्या बाजू एकमेकींना घासतात. कारखान्यात बनलेल्या सहा टायरच्या गाडीत जोडीचा मध्य बरोबर बेअरिंगच्या रेषेवर असतो, म्हणजे एक टायर ११५ मिलिमीटर आत आणि दुसरा तेवढाच बाहेर. आपल्या पिकअपमध्ये टायर आणि कमान यांच्यात चार बोटंच जागा आहे. आतला टायर आत सरकायला वाव नाही. मग मिस्त्री आतला टायर जुन्या जागी ठेवतो आणि अख्खी जोडी बाहेर ढकलतो.

नुकसान इथे होतं. एका बाजूवर ९०० किलो आहे असं धरा. जोडीचा मध्य ११५ मिलिमीटर बाहेर गेला की एक्सलवर १०३ किलोग्रॅम-मीटरचा (वजन गुणिले अंतर) जादा वाक येतो. बाहेरचं चाक रस्त्याच्या कडेच्या उंचवट्यावर चढलं की क्षणभर सगळं वजन त्या एकट्यावर येतं, आणि तो तर २३० मिलिमीटर बाहेर आहे. तेव्हा हाच आकडा २०७ होतो. लांब दांड्याच्या पान्यानं नट सहज सुटतो ना, तसंच हे. फक्त इथे आपणच पान्याला आपलं एक्सल लावून देतो.

एक्सल हा वाक सोसेल की नाही ते त्याच्या जातीवर आहे. फुल फ्लोटिंग प्रकारात हब दोन टेपर बेअरिंगांवर एक्सलच्या बाहेरच्या नळीवर फिरतो. वजन नळी पेलते, आतली शाफ्ट फक्त चाक फिरवते. शाफ्ट तुटली तरी चाक जागेवर राहतं. सेमी फ्लोटिंगमध्ये वजन आणि फिरवणं दोन्ही त्याच एका शाफ्टवर असतं; ती तुटली की चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर येतं. ओळखायला सोपं आहे. मागच्या चाकाच्या मधोमध बघा. गोल डबा पुढे आलेला असेल आणि त्याच्या तोंडावर लहान बोल्टांचं कडं असेल, तर फुल फ्लोटिंग. मध्य सपाट असेल, व्हील नटांशिवाय काही नसेल, तर सेमी फ्लोटिंग. आपल्या गाडीचा मध्य सपाट आहे.

अशा एक्सलवर अडॅप्टर लावला की आधी बेअरिंग सैल होतं. त्याच्या हलण्यानं तेल अडवणारी ऑइल सील जाते आणि एक्सलच्या मधल्या गियरपेटीचं (डिफरन्शियलचं) तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. ड्रम उघडला की ब्रेकच्या लायनरवर काळा चिकट थर दिसतो, बोटाला लागतो आणि जळकट वास येतो. त्या बाजूचा ब्रेक मग धरतच नाही, दुसऱ्या बाजूचा धरतो आणि गाडी तिकडे ओढते. घाटात हे व्हायला नको म्हणून मी इतकं लिहिते आहे.

योग्य पद्धत म्हणजे अख्खा फुल फ्लोटिंग एक्सल घालणं. ते काम नीट केलेलं असलं तर मला मान्य आहे, पण त्यात काय काय येतं ते ऐका. कमानींच्या मध्यांतलं अंतर जुळलं पाहिजे, नाहीतर एक्सलवरच्या कमानीच्या बैठका काढून नव्यानं वेल्ड कराव्या लागतात. हे वेल्डिंग एका दमात केलं तर उष्णतेनं नळी वाकते, म्हणून थोडं थोडं, बाजू बदलत करायचं. क्राऊन-पिनियनचे, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या-लहान गियरच्या जोडीचे, दाते मोजायचे. जुने ४१ आणि ९ असतील तर गुणोत्तर ४.५६, नवे ४१ आणि ८ असतील तर ५.१३. त्याच वेगाला इंजिन साडेबारा टक्के जास्त फिरेल आणि डिझेल जास्त खाईल. पिनियनचं तोंड जुन्या कोनात बसलं नाही तर इंजिनकडून मागे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर जातात आणि गाडी ठराविक वेगाला थरथरते. शाफ्टची लांबी बदलली तर ती बॅलन्स करून घ्यावी लागते. एक्सल कमानीला आवळणारे यू-बोल्ट नवेच हवेत. जुने एकदा ताणलेले असतात, पुन्हा कसले तरी ढिले पडतात.

ब्रेकचा भाग मिस्त्री बहुतेक सोडून देतात. मोठ्या एक्सलच्या व्हील सिलिंडरला (चाकातला ब्रेक दाबणारा) जास्त ब्रेक ऑइल लागतं. पेडलजवळून ते ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला की पेडल खोल जातं. मागच्या एक्सलपासून चासीवरच्या व्हॉल्व्हला जाणारी सळई असेल तर तिचं मापही पुन्हा लावायचं, कारण गाडी मालानं किती बसली त्यावर मागच्या ब्रेकचा दाब तीच ठरवते. माप चुकलं तर रिकामी गाडी पावसात मागून लॉक होते. रिकाम्या गाडीचं वजन चार टायरांत वाटलं गेल्यानं ओल्या रस्त्यावर पकड तशीही कमीच असते.

हे सगळं झालं तरी कायदा राहतोच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि मालवाहू गाडीच्या नोंदीत टायरांची संख्या, माप, एक्सलचं वजन सगळं येतं. दंड एका बदलाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ओव्हरलोडचा दंड वेगळा, २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पासिंगला गाडी नेली की मागचे चार टायर लपत नाहीत. पण मला दंडापेक्षा अपघाताची धास्ती वाटते, कारण तेव्हा विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलाचा काढते.

गावात ती डबल टायर केलेली गाडी विकायला आहे म्हणालात. आरसीत टायर चार लिहिलेत की सहा, ते आधी बघा. चारच असतील तर पुढे बोलूच नका. सहा असतील तर गाडी सपाटीवर उभी करून मागून वाकून बघा. भरलेल्या गाडीतही दोन टायरांच्या मध्ये एक इंच तरी फट राहिली पाहिजे. आतल्या बाजू घासून गुळगुळीत झाल्या असतील तर टायर आतून तापून बाद झालेत. जोडीतल्या दोन टायरांच्या उंचीत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. त्यापुढे उंच टायर सगळं वजन घेतो आणि बुटका रस्त्यावर घासत राहतो. थोडा फरक असलाच तर उंच टायर बाहेर, कारण रस्ता कडेला उतरता असतो. डिस्कच्या नटांभोवती गंजाच्या तांबड्या रेघा बाहेर ओघळलेल्या दिसल्या तर नट ढिले पडून डिस्क हलते आहे. जाड रंग लावून डिस्क चकाचक केली असेल तर जास्त सावध व्हा: दोन डिस्क जिथे एकमेकींना टेकतात तिथला रंग दाबानं बसतो आणि कसलेले नट आपोआप सैल होतात. तो भाग धातूपर्यंत घासलेला असावा, नट टॉर्क पान्यानं समोरासमोरचे क्रमानं कसावेत, ५० किलोमीटरनंतर आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा कसावेत. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहू देऊ नका, स्टड ताणले जातात.

आतल्या टायरच्या हवेकडे कोणी बघत नाही, कारण हात पोचत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर बसवून आतल्याला लांब नळी लावलेली असावी. आतला बसला तरी बाहेरच्याच्या आधारानं गाडी चालत राहते, आणि तो एकटा सगळं वजन ओढून तापतो. दोघांत ५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. मध्ये दगड अडकलाय का हे प्रत्येक खेपेला बघायचं.

डबल टायरचे फायदे मी नाकारत नाही. उंच रचलेल्या क्रेटची गाडी वळणावर कमी झुलते, एक टायर फुटला तरी गाडी एकदम बसत नाही. पण ते हवं असेल तर टाटा ४०७ सारखी कारखान्यातूनच मागे चार टायर घेऊन आलेली गाडी बघू. १९८६ पासूनची गाडी आहे, सुटे भाग तालुक्याला मिळतात. तिचे ब्रेक आणि एक्सल त्या वजनासाठीच बनलेत.

आई, तुझ्यासाठी काम असं. पुढच्या खेपेला काट्यावर दोन वजनं घ्यायची. आधी अख्खी गाडी, मग पुढची चाकं काट्यावरून खाली उतरवून फक्त मागची. बाबा गाडीत बसलेले असू देत, ब्रेक सोडलेला असू दे. पहिला आकडा आरसीतल्या एकूण वजनाशी, दुसरा मागच्या एक्सलच्या वजनाशी ताडून बघ. जास्त निघाले तर २० किलोच्या क्रेटच्या हिशेबानं किती क्रेट उतरवायचे ते काढ. बाबा म्हणतील तेवढ्यात चालतं, तरी वहीतला आकडाच धर. कमानीत जादा पाटा टाकून गाडी उचलून घ्यायला सांगतील, तेही नको. गाडी बसत नाही म्हणून वजन कळत नाही, एवढंच त्यानं होतं.

बाबा, दिवे घाट उतरताना वरूनच दुसरा गियर टाका, आणि पेडल सतत दाबून न धरता मधूनमधून दाबून सोडा. मागचे लायनर किती उरलेत ते या आठवड्यात बघून घ्या. काट्याच्या दोन्ही पावत्यांचे आणि त्या विकाऊ गाडीच्या चाकाच्या मध्याचे फोटो पाठवा. मी रविवारी येते तेव्हा ड्रम उघडून बघू, ग्रीस आणि ऑइल सील सोबत आणते.

तुमची लेक