ऑफर लेटर वाचलं, आता माझं ऐक

प्रिय मित्रा,

परवा रात्री तुझा मेसेज आला तेव्हा मी लेओव्हरला, म्हणजे दोन फ्लाइटच्या मधल्या मुक्कामाला होतो, हॉटेलच्या खोलीत तुझ्या दुबईतल्या पायलटच्या नोकरीच्या ऑफर लेटरचे फोटो झूम करकरून दोनदा वाचले आणि उत्तर द्यायला बसलो, चार ओळी टाईप केल्या आणि पुसल्या, कारण हे मेसेजमध्ये उरकण्यासारखं नाहीच आहे. म्हणून आज घरी आल्यावर झोप काढून, लॅपटॉप उघडून लिहितोय. लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाच.

आधी मनापासून अभिनंदन. ते असेसमेंट किती पिळून काढतात ते मला माहितीय, सिम्युलेटरमध्ये इंजिन फेल्युअर देऊन वर ग्रुप एक्सरसाइज आणि ते तासभराचे सायकोमेट्रिकचे प्रश्न, आणि तू पहिल्या झटक्यात निघालास. नॅरोबॉडीच्या, म्हणजे लहान जेटच्या राइट सीटवरून, को-पायलटच्या जागेवरून, थेट लांब पल्ल्याची मोठी वाइडबॉडी, तीही दुबई बेसला. तुला किती आनंद झाला असेल ते मी समजू शकतो, कारण २०१४ साली अगदी हाच कागद माझ्या हातात होता आणि मी एका रात्रीत हो म्हणून मोकळा झालो होतो.

तू विचारलंस, जाऊ का? माझं मत आधीच सांगून टाकतो. आत्ता जाऊ नकोस. कमांड घे, म्हणजे इथेच कॅप्टन हो, कॅप्टनच्या डाव्या सीटवर हजारेक तास कर आणि मग जा. आता हे असं का म्हणतोय ते नीट ऐक.

पैशाचं आधी बोलू, कारण तुझ्या डोक्यात तोच आकडा फिरतोय. टॅक्स-फ्री म्हणजे तिथलं सरकार पगारावर इन्कम टॅक्स घेत नाही, हे शंभर टक्के खरंय, जो आकडा लिहिलाय तोच खात्यात येतो आणि पहिल्या महिन्यात स्लिप बघताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पण तू जो मोठा आकडा मला लाल गोल करून पाठवलास ना, तो बेसिक अधिक हाउसिंग अधिक फ्लाइंग पे (उडवलेल्या तासांचे पैसे) अधिक ट्रान्सपोर्ट असा सगळा मिळून आहे. तू फक्त बेसिक बघ. तिथे सगळं बेसिकवर चालतं. ग्रॅच्युइटी बेसिकवर, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. समज बेसिक ३०,००० दिरहॅम आहे, तर सात वर्षांनी निघताना १,६५,००० दिरहॅम हातात पडतात, म्हणजे साडेपाच महिन्यांचा बेसिक. पेन्शन वगैरे काही नाही, कंपनीचा स्वतःचा प्रॉव्हिडंट फंड असेल तर तेवढाच, नसेल तर म्हातारपणाची सगळी तजवीज तुझी तुलाच करायची आहे. नोकरी गेली तर बेकारीचा विमा आहे, २०२३ पासून सक्तीचा केलाय, तोही बेसिकच्या ६० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २०,००० दिरहॅम आणि फक्त तीन महिने. म्हणजे चांगले दिवस असले की तू पूर्ण पॅकेजवर जगतोस आणि वाईट दिवस आले की बेसिकवर येतोस, आणि घराचं भाडं, शाळेची फी, गाडीचा हप्ता हे सगळं मात्र आपण पॅकेज धरून ठरवलेलं असतं.

आणि टॅक्स नसला तरी बाकीचे खर्च आहेतच. २०१८ च्या जानेवारीपासून ५ टक्के व्हॅट आलाय, दुबईत वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी लाइट-पाण्याच्या बिलात लागून येते. शाळेचा अलाउन्स किती मुलांना आणि कितव्या वर्षापर्यंत ते कॉन्ट्रॅक्टमध्ये शोध, तुझ्या दोघी मुलींची वयं धरून बेरीज कर. शेजारच्या ओमानने तर २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के इन्कम टॅक्सचा कायदाच केलाय, तिथल्या पायलटला लागू होईल न होईल तो भाग वेगळा, पण गल्फमध्ये टॅक्स कधीच येणार नाही असं धरून वीस वर्षांचं गणित मांडू नकोस. आणि तू कुठल्या देशाचा टॅक्स रेसिडेंट ठरतोस हे आपल्याकडच्या चांगल्या सीएकडून लेखी घे, क्रू रूममधल्या गप्पांवर जाऊ नकोस. मी गेलो होतो, आणि एका वर्षाचं रिटर्न निस्तरताना दोन महिने घाम फुटला.

आता झोप. ह्याबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतोय. नियमाने २८ दिवसांत १०० तास आणि वर्षाला ९०० तास अशी उड्डाणाची मर्यादा आहे, कागदावर ती ठीकच दिसते. पण दुबईचं सगळं जाळं पूर्व-पश्चिम जोडायला बांधलंय, त्यामुळे विमानांच्या लाटा मध्यरात्री आणि पहाटे येतात, आणि माणसाचं शरीर पहाटे दोन ते सहा ह्या वेळात सगळ्यात मंद असतं. पूर्वेला जाऊन चोवीस तासांनी परत, दोन दिवस घरी, मग पश्चिमेला. घड्याळ कुठेच लागत नाही. आमच्या बेडरूमच्या खिडकीला मी जाड काळा पडदा लावला होता, तरी कडेने उजेड यायचा म्हणून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आणून काचेला चिकटपट्टीने लावली, आणि दुपारी दोनला त्या अंधारात पडून मी बाहेर मुलगी आईला हळू आवाजात "बाबा उठले का" विचारतेय ते ऐकायचो. ती शाळेतून यायची तेव्हा मी झोपलेला आणि ती झोपायची तेव्हा माझा युनिफॉर्म इस्त्रीला. हे महिन्यातून आठ-दहा दिवस, सात वर्षं.

१९ मार्च २०१६ चा रोस्तोवचा अपघात तुला आठवत असेल, दुबईहून रशियातल्या रोस्तोवला गेलेलं ७३७ विमान, खराब हवामानात जवळजवळ दोन तास वर घिरट्या घालत होल्ड केलं आणि पहाटे पावणेचारच्या सुमाराला दुसऱ्या गो-अराउंडमध्ये, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढताना कोसळलं, ६२ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण तपासाच्या अहवालात क्रूच्या संभाव्य थकव्याचाही उल्लेख आहे. त्या दिवशी मी स्टँडबायला, म्हणजे बोलावलं तर जायच्या ड्युटीला होतो. संध्याकाळी पिकअप आला, गाडीत आम्ही सहा जण होतो आणि एअरपोर्टपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. तेव्हापासून मी एक नियम केला, डोकं जड वाटलं की फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याची लेखी नोंद टाकायची आणि ड्युटी नाकारायची, मग मॅनेजर काय म्हणायचं ते म्हणो. तू गेलास तर हे पहिल्या महिन्यापासून कर. तिथे कामगार संघटना नाही, कायद्याने परवानगीच नाही, त्यामुळे तुझ्या बाजूने बोलणारं तुझ्याशिवाय कोणी नसतं.

मेडिकलचं थोडक्यात. माझ्या बॅचच्या एकाला मुतखडा झाला. दुसरा कोणी आठवड्यात कामावर गेला असता, पण क्लास वन, म्हणजे पायलटचं मेडिकल सर्टिफिकेट सस्पेंड, खडा पूर्ण गेल्याचा रिपोर्ट येईपर्यंत जमिनीवर. तिथल्या कायद्याने सिक लीव्ह ९० दिवस, पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी आणि उरलेले ४५ बिनपगारी. फ्लाइंग पे तर पहिल्या दिवसापासून बंद. तो साडेतीन महिन्यांनी परत उडाला, पण तोवर बचत अर्धी झाली होती. लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे मेडिकलमुळे उडता आलं नाही तर पैसे देणारा विमा कंपनी देते का, किती देते, आणि तात्पुरत्या अनफिटला देते का फक्त कायमच्या, हे विचार. नसेल तर स्वतःचा काढ, जायच्या आधी काढ.

आता मला जे खरं सांगायचंय ते. इंटरव्ह्यूच्या वेळी मला सांगितलं होतं, चार वर्षांत कमांड. कागदावर नव्हतं, तोंडी होतं, पण सांगणाऱ्याने खोटं बोलून सांगितलं असं मी आजही म्हणणार नाही, तेव्हा विमानं येतच होती, सगळ्यांना तसंच वाटत होतं. मग विमानांच्या डिलिव्हऱ्या पुढे गेल्या, यादी लांबली, चारची पाच झाली, पाचाची सहा. सहाव्या वर्षी माझं नाव अपग्रेडच्या कोर्सला लागलं आणि महिनाभरात कोविड आला. मार्च २०२० च्या शेवटी प्रवासी उड्डाणं बंद झाली, कोर्स रद्द.

त्या उन्हाळ्यात आमच्या समोरच्या व्हिलातल्या फर्स्ट ऑफिसरची, माझ्यासारख्याच को-पायलटची, नोकरी गेली. मला पगारकपात झाली, पण मी राहिलो. त्याला ईमेल आला. मित्रा, तिथे व्हिसा नोकरीवर असतो, बायको-मुलांचा व्हिसा तुझ्या व्हिसावर असतो, घर कंपनीचं असतं, शाळेची फी कंपनी भरत असते, आणि लोन असेल तर नोकरी गेल्याचं कळल्यावर बँक खातं ब्लॉक करते. एक दोरी कापली की सगळं एकदम खाली येतं. तेव्हा व्हिसा रद्द झाल्यावर ३० दिवसांत देश सोडायचा नियम होता. तो रोज सकाळी गाडी पुसायचा, फोटो काढायचा आणि विकायला टाकायचा, आणि गाडी घेणार कोण, सगळेच विकत होते. शेवटी निम्म्याहून कमी किमतीत दिली. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या मुलाने स्वतःची सायकल ढकलत आमच्या दारात आणून लावली आणि माझ्या मुलीला म्हणाला, हिच्या चाकात हवा कमी आहे, भरून घे. मी दारात उभा होतो, मला काही बोलताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरावर कंपनीचं कुलूप.

आता नियम सुधारलेत हे मान्य. ६० दिवस मिळतात, काहींना त्याहून जास्त. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे, तो नोकरीला बांधलेला नसतो, पगाराची अट बसत असेल तर पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लाग. चेक न वटल्यावर पूर्वीसारखा सरळ फौजदारी गुन्हा आता बहुतेक वेळा होत नाही, २०२२ पासून बदललंय. तरी माझं ऐक, तिथे लोन काढू नकोस, गाडी रोख घे, जुनी घे, आणि सहा महिन्यांचा घरखर्च तिथल्या नाही तर आपल्याकडच्या खात्यात ठेव. खात्यांचं अजून एक, तुला काही झालं तर तुझ्या नावाचं खातं कोर्टाचा कागद येईपर्यंत गोठतं. वहिनींच्या नावाने वेगळं खातं हवं, आणि मृत्युपत्र तिथे रजिस्टर केलेलं हवं. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाहीये पण लिहिलंच पाहिजे.

मी २०२१ ला परत आलो. सात वर्षं वाइडबॉडी, पाच हजारांच्या आसपास तास, सगळे राइट सीटचे. इथे नवीन कंपनीत सिनिऑरिटी लिस्टच्या तळाला माझं नाव लागलं. परतल्यावर पहिल्या महिन्यातल्या एका फ्लाइटला ब्रीफिंग रूममध्ये गेलो तर कॅप्टन म्हणून समोर आपल्या बॅचचा, तोच जो ग्राउंड स्कूलमध्ये माझ्या वहीतून नेव्हिगेशनची गणितं उतरवायचा. इतका चांगला वागला तो, उठून मिठी मारली, ती फ्लाइट मला उडवायला दिली. पण त्याच्या खांद्यावरच्या चार पट्ट्या आणि माझ्या तीन, दिवसभर तेच दिसत होतं. राइट सीटचे तास कितीही असोत, जगात कुठेही डायरेक्ट एन्ट्री कॅप्टन, म्हणजे नवीन कंपनीत थेट कॅप्टन म्हणून अर्ज करताना कमांडचेच तास विचारतात. पैसे मी तिथे कमावले, ती वर्षं मात्र इथे मोजली गेली नाहीत.

म्हणून तुला कळकळीने सांगतोय. तू कमांडपासून दोन वर्षांवर आहेस, लिस्टमध्ये तुझ्यापुढे किती जण आहेत ते तूच मला सांगितलंस. ही दोन वर्षं सोडून तू तिथल्या यादीच्या शेवटी जाऊन उभा राहणार. कमांड घेऊन, तास करून गेलास तर तेच लोक तुला डाव्या सीटवर घेतील, पगार मोठा असेल आणि उद्या मेडिकल सोडून काहीही बिनसलं तरी तू कॅप्टन म्हणून कुठेही उभा राहू शकशील.

मला पस्तावा आहे का? नाही, आणि हेही तुला खरंच सांगायला हवं. बाबांच्या बायपासचा खर्च मी एका फोनवर भरला. ट्रेनिंगचं कर्ज तीन वर्षांत संपलं, तेही तारण ठेवलेलं घर सुटून. डिसेंबरातल्या पहाटे दुबईला धुक्यात ऑटोपायलटने ऑटोलँड करताना ढगांच्या वर आलेली ती बुर्जची टोकं मी विसरणार नाही. जगभरचे लोक एका कॉकपिटमध्ये, दर फ्लाइटला नवीन माणूस, त्यातून मी जेवढा शिकलो तेवढा कुठे शिकलो नसतो. तुझंही कर्ज आहे, काकूंची औषधं आहेत, ते मला माहितीय. इथे पुढच्या सहा महिन्यांत हप्ता थकणार असेल, घर जाणार असेल तर माझं सगळं बाजूला ठेव आणि जा. पण तसं नसेल, नुसतं चणचणीत चाललं असेल, तर दोन वर्षं काढ. कमी पडलं तर मी आहे, हे लिहून देतो.

आणि मेसेजच्या शेवटी तू म्हणालास की वहिनींना अजून पूर्ण सांगितलं नाही, सही झाल्यावर सांगेन. असं करू नकोस रे. मी तेच केलं होतं. ही काही बोलली नाही, नोकरी सोडून आली, आणि तिसऱ्या वर्षी एका रात्री मी फ्लाइटवरून आलो तर अंधारात हॉलमध्ये बसलेली होती, म्हणाली, इथे मला हाक मारणारं कोणी नाही. त्या वाक्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

हे पत्र त्यांना वाचायला दे. कॉन्ट्रॅक्टचं बाँडचं पान तुझ्या फोटोत अर्धं कापलं गेलंय, ते पूर्ण पाठव, मध्येच सोडलं तर ट्रेनिंगचे किती पैसे परत करायचे आणि दर महिन्याला ते किती कमी होतात ते बघायचंय. गुरुवारपर्यंत मला ऑफ आहे. मुली झोपल्या की दोघं मिळून फोन करा, आमची हीसुद्धा बोलेल वहिनींशी.

तुझाच,
मी