सहीच्या आधी अख्खा करार वाचायला लावणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. स्टुटगार्टला नव्याने येणाऱ्या कुणाच्या तरी ते उपयोगी पडेल.

आधी शूफाबद्दल. जर्मनीत घर बघायला गेलं की हा पत दाखवणारा कागद पहिल्यांदा मागतात, आणि नव्याने आलेल्या माणसाची इथे पत कुठून असणार? नोकरीचा करार, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि आधीच्या घरमालकाचं पत्र एकत्र लावायला तुम्हीच सुचवलंत. घरमालकीणबाईंना माझ्या ब्लू कार्डाची, म्हणजे इथे राहून नोकरी करायच्या परवान्याची, मुदत खटकत होती. कार्ड संपलं की ही बाई जाणार, असा त्यांचा हिशोब. नोकरी चालू असली की कार्डाची मुदत वाढवून मिळते, हे तुम्ही त्यांना त्यांच्याच श्वेबिश बोलीत समजावलंत, तेव्हा कुठे त्यांनी करार पाठवला.

तो वाचायला बसताना मला वाटलं होतं, भाड्याचा आकडा आणि तारीख बघितली की झालं. तुम्ही एकेक कलम मोठ्याने वाचायला लावलंत, आणि मध्येच थांबून म्हणालात, "हे परत वाच." दोन्ही बाजूंनी दोन वर्षं करार मोडायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं. बेमुदत करारात भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही निघता येतं, तो हक्क या एका ओळीने दोन वर्षं गोठला असता. कलम बेकायदेशीर नव्हतं. छापील करारातसुद्धा चार वर्षांपर्यंत चालतं, हे तुम्ही लगेच सांगितलंत. "बाई फसवत नाहीयेत, त्यांना स्थिर माणूस हवाय. पण तुझी नोकरी म्युनिकला गेली तर दोन घरांचं भाडं भरशील का?"

मी म्हटलं, नवा भाडेकरू शोधून देऊ. तीन जण आणून उभे केले की सुटका होते, असं ऑफिसातले जर्मन सहकारीही छातीठोकपणे सांगतात. तुम्ही हसलात. करारात तसं लिहिलेलं नसेल तर घरमालकाने त्यातला कुणी स्वीकारावा असं बंधन सहसा नसतं. मग तुम्ही बाईंना फोन लावलात. भांडण नाही, कायद्याची भाषा नाही. हवापाणी, त्यांचा गुडघा, मग माझी नोकरी. दोन वर्षांचं एक वर्ष झालं, आणि बदली झाली तर योग्य नवा भाडेकरू देऊन निघता येईल, ही ओळ लेखी आली. ती लेखीच हवी, यावर तुम्ही अडून बसलात. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी मदत हीच.

डिपॉझिटचंही तसंच. हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून जे नुसतं भाडं, त्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला असतो. नव्या घरात किचन नव्हतं (इथे रिकामं घर म्हणजे पुष्कळदा ओटासुद्धा नाही, छतातून नुसत्या वायरी लोंबतात), त्यामुळे ते हप्ते मला किती कामाला आले ते तुम्हाला माहीतच आहे.

किल्ल्या घेताना भिंतींवरचे डाग, पार्केटच्या लाकडी जमिनीवरचे ओरखडे, मीटरचे आकडे सगळं ताबा-पत्रकात उतरवून घेतलंत. शहरात नोंदणी दोन आठवड्यांत करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो, नुसता भाडेकरार पुरत नाही. तोही तिथल्या तिथे सही करून घेतलात. मला तेव्हा जरा अतिच वाटलं होतं, खरं सांगते.

केहरवोखेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. "जिना झाडायची पाळी असते आठवडाभर, विशेष काही नाही," असं म्हणाला होतात. तळघराकडे जाणाऱ्या पायऱ्या आणि फुटपाथही त्यात येतो, हे दारावर पाटी लटकल्यावर वरच्या मजल्यावरच्या आजींकडून कळलं. त्या रोज येऊन तपासतात.

आता एक काम. माझ्या टीममध्ये एक मुलगा नुकताच रुजू झालाय. त्याला मिळालेल्या करारात भाडं महागाईच्या निर्देशांकाशी बांधलंय आणि घर सोडताना सगळं रंगवून द्यायची अट आहे. घर त्याला न रंगवताच मिळतंय, त्यामुळे ती अट टिकणार नाही असं मी त्याला सांगितलंय, पण निर्देशांकाचं कलम तुमच्या नजरेखालून गेलेलं बरं. रविवारी दुपारी त्याला घेऊन येऊ का? काकूंना सांगा, जेवण करून येतोय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू