पंचवीस वर्षांची वाट पाहायला शिकवणाऱ्या काकूंचे जाहीर आभार

आदरणीय काकूंस,
सा. न. वि. वि.

येत्या २१ मे २०१७ रोजी, रविवारी रात्री, अमेरिकेतील शोटाइम वाहिनीवर ‘ट्विन पीक्स’ ही रहस्यमालिका पुन्हा सुरू होत आहे. एबीसी वाहिनीने १० जून १९९१ रोजी दाखवलेल्या अखेरच्या भागात खून झालेली लॉरा पामर लाल पडद्यांच्या एका गूढ खोलीत तिच्या खुनाचा तपास करणाऱ्या एफबीआयच्या एजंट कूपरला सांगते, की पंचवीस वर्षांनी आपली पुन्हा भेट होईल. त्यानंतर कूपर तिथेच अडकतो, त्याच्या रूपाचे भलतेच कोणीतरी बाहेर येते आणि मालिका तिथेच थांबते. ती थांबली तेव्हा आमच्यापैकी काही जण शाळेत होते आणि काहींचा जन्मही झालेला नव्हता. तरीही आज आम्ही पुण्यातली मंडळी या रविवारची आतुरतेने वाट पाहत आहोत, याचे सारे श्रेय आपले आहे. फोनवर आभार मानायला गेलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

सिएटलहून सुट्टीसाठी आलात तेव्हा आपण त्या व्हीएचएस कॅसेट्स आणल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर आपल्या अक्षरात तारीख, वार आणि वेळ लिहिलेली होती. ‘शनिवार, रात्री १०’ असे शेरे तर ओळीने होते, कारण दुसऱ्या हंगामात एबीसीने मालिका शनिवारी रात्री टाकली होती आणि त्या वेळी घरी बसून टीव्ही पाहणारे थोडेच असत. एका कॅसेटवर ‘१६ फेब्रुवारीनंतर बंद’ अशी नोंद होती आणि तिच्याखाली वेगळ्या शाईने ‘२८ मार्च, गुरुवार, पुन्हा सुरू’ असे लिहिले होते. मधल्या त्या काळात देशभरातल्या चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि त्यांत आपलेही एक पत्र होते, हे आपण फार उशिरा आणि सहज बोलता बोलता सांगितलेत.

त्या कॅसेट्स अमेरिकी टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीच्या. आमच्या जुन्या पाल पद्धतीच्या प्लेअरवर त्या लावल्या की चित्र काळेपांढरे होई आणि खालून वर सरकत राही. लग्नाच्या कॅसेट्स डिजिटल करून देणाऱ्या एका दुकानदाराकडे आपण स्वतः आमच्यासोबत आलात आणि मधल्या जाहिराती कापू नका, असे त्याला बजावलेत. जाहिराती कशाला ठेवायच्या, हे आम्हाला तेव्हा उमगले नव्हते. आता वाटते, की प्रसंग ऐन रंगात आलेला असताना तो तुटणे आणि दोन मिनिटे जीव टांगणीला लागणे हेही त्या पाहण्यातच येते, आणि म्हणूनच आपण तो आग्रह धरलात.

आपली खरी अट मात्र वेगळीच होती. आठवड्याला एकच भाग पाहायचा, आणि पुढचा भाग पाहण्याआधी आपसांत त्यावर बोलायचे. सगळे भाग हाताशी असताना ही अट पाळणे जड गेले. लॉराचा खून कोणी केला हे प्रेक्षकांना १० नोव्हेंबर १९९० च्या भागात कळले. तिथवर पोहोचायला आम्हाला अनेक महिने लागले, आणि त्या साऱ्या काळात आपल्या तोंडून एक अक्षरही निघाले नाही. आम्ही फोनवर आमचे तर्क मांडत असू आणि आपण प्रत्येक तर्क इतक्या गांभीर्याने ऐकून घेत असा, की जणू आपल्यालाही उत्तर ठाऊक नसावे. खुनाचा उलगडा झाल्यावर मालिका रेंगाळते, जेम्स हर्ली या पात्राचे कथानक तर कंटाळवाणे होते. ते भाग गाळावेत असे आम्ही सुचवले तेव्हा आपण नाही म्हणालात. मालिकेचे एक जनक आणि दिग्दर्शक डेव्हिड लिंच दुसऱ्या कामांत गुंतले की मालिकेचे काय होते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अखेरच्या भागात ते दिग्दर्शनाला परततात तेव्हा काय घडते हे कळायचे नाही, असे आपले म्हणणे होते आणि ते शब्दशः खरे ठरले.

त्यामुळेच ६ ऑक्टोबर २०१४ रोजी पुनरागमनाची घोषणा झाली तेव्हा आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही, आणि एप्रिल २०१५ मध्ये पुरेसा पैसा मिळत नसल्याचे सांगून लिंच यांनी माघार घेतली तेव्हा काय गमावले जात आहे हेही आम्हाला नेमके उमजले. लिंच यांच्याशिवाय ही मालिका नको, असे सांगणारी ध्वनिचित्रफीत कलाकारांनी काढली. त्या दिवसांत आपण आम्हाला धीर दिलात, पण खोटी आशा दाखवली नाहीत. मे महिन्यात लिंच परतले. आधी ठरलेल्या ९ भागांचे आता १८ झाले आहेत आणि ते सगळे त्यांनीच दिग्दर्शित केले आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपण गाडी काढून मालिकेचे चित्रीकरण झालेल्या, सिएटलजवळच्या स्नोक्वाल्मीला गेलात. ८२ मीटर उंचीचा तो धबधबा आणि त्याच्या कड्यावरचे हॉटेल यांची छायाचित्रे आलीच, पण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले ते नॉर्थ बेंडमधल्या कॅफेचे. २००० साली आगीत त्याचा आतला भाग जळाला आणि नंतर तो वेगळ्याच रूपात उभा राहिला होता; चित्रीकरणासाठी त्याला पुन्हा मालिकेतल्या जुन्या ‘डबल आर’ उपाहारगृहाचे रूप दिले जात होते. काचेतून दिसणारे काउंटर आणि त्यापुढची ओळीने मांडलेली स्टुले एवढेच आपण टिपलेत. चित्रीकरणाचे दिवे येऊ लागताच आपण परत फिरलात, कारण तिथे काही दिसले असते तर ते आमच्यापासून लपवणे आपल्याला अवघड गेले असते. इतक्या दुरून आमचा एवढा विचार करणे आपल्यालाच जमते.

२८ सप्टेंबरला मालिकेतल्या कलाकार कॅथरीन कूलसन गेल्या. पुढच्या एप्रिलमध्ये २१७ नावांची कलाकारयादी जाहीर झाली तेव्हा आपण सर्वांत आधी त्यांचेच नाव शोधलेत आणि ते सापडल्यावर आम्हाला फोन केलात. ओंडका उराशी धरून वावरणारी त्यांची ती बाई आम्हाला पुन्हा भेटणार आहे. मिगेल फेरर आणि वॉरन फ्रॉस्ट हे कलाकारही या वर्षाच्या सुरुवातीला गेले; त्यांनाही आम्ही बहुधा शेवटचेच पाहू. शेरीफ ट्रुमन झालेल्या मायकेल ऑंटकीन यांचे नाव यादीत नाही, याची चुटपुट आम्हाला अजून लागून आहे.

काकू, नवे भाग आपल्याला रुचतील की नाही, आम्हाला रुचतील की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. लिंच जुन्याची उजळणी करतील असे आम्हाला तरी वाटत नाही. काही प्रश्न सुटणार नाहीत आणि काही नवे उभे राहतील. पण उत्तर मिळण्याआधीचा काळ मन लावून कसा जगायचा, हे आम्ही आपल्याकडून शिकलो. त्याबद्दल आम्ही सारे आपले मनापासून आभारी आहोत.

एक विनंती आहे. रविवारी रात्री आपण पाहाल तेव्हा इथे सोमवारची सकाळ असेल आणि आम्ही कामाच्या गडबडीत असू. आम्ही सारे सोमवारी संध्याकाळी एकत्र जमून पाहणार आहोत, तेव्हा आपण मंगळवारी फोन करावा. या वेळी उत्तरे आपल्यालाही ठाऊक नसतील, त्यामुळे तर्क आपणही मांडायचे आहेत. कॅसेट्स कोरड्या कपाटात नीट ठेवल्या आहेत. दिवाळीत याल तेव्हा त्या परत न्यायच्या की इथेच ठेवायच्या, तेही फोनवर सांगावे.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपली,
पुण्यातली मंडळी