मधूच्या दाव्याचा आकडा कसा काढायचा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गाडीच्या अपघातात मधूचा गुडघा मोडला, त्याच्या भरपाईत त्याला अंदाजे किती मिळतील, असं विचारलंस. नुसतं दुखापतीचं नाव ऐकून जो आकडा सांगेल त्याच्यापासून लांब राहा. गुडघा दोघांचा मोडला तरी रक्कम दोघांची वेगळी येते, कारण कोर्ट हाडाचे पैसे देत नाही, बुडालेल्या कमाईचे देतं. हिशेब मात्र कागदावर मांडता येतो. तोच सांगतो.

पाया तीन आकड्यांचा : महिन्याची कमाई, अपघाताच्या दिवशीचं वय आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली ते. मधू ३४ वर्षांचा, फरशी बसवून महिन्याला २४,००० कमावणारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र धंदेवाल्याच्या कमाईत पुढची वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात. कायमचं अपंगत्व आलेल्या जखमींनाही हे लागू होतं, हे न्यायालयाने नंतर पप्पू देव यादव प्रकरणात, २०२० मध्ये, स्पष्ट केलं. म्हणजे ३३,६००. वर्षाचे ४,०३,२००. याला वयाचा गुणक, म्हणजे वयाप्रमाणे ठरवून दिलेला आकडा, लावून गुणायचं. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ आहे (३६ पूर्ण झालेल्याला १५, म्हणून वयाचा पुरावा पक्का ठेव). झाले ६४,५१,२००. मृत्यूच्या दाव्यात यातून माणसाचा स्वतःचा खर्च वजा करतात. जखमीच्या दाव्यात करायचा नाही. समोरचा वकील तसं सुचवेल, तेव्हा तुमच्या वकिलाने तिथेच अडवायला हवं.

आता टक्केवारी. खरी लढाई इथेच होते. अपंगत्वाच्या दाखल्यावर उजव्या पायाचं अपंगत्व ४० टक्के आहे म्हणतोस. ते पायाचं झालं, अख्ख्या शरीराचं नव्हे. समोरच्या गाडीची विमा कंपनी म्हणेल की शरीराच्या हिशेबात हे २० टक्केच भरतं, तेवढंच द्या. राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सांगितलंय की दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचा टक्का या वेगळ्या गोष्टी. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी तशीच चालू राहू शकते. मधूचं काम दिवसभर उकिडवं बसून. गुडघा पुरता वाकत नसेल तर फरशी लेव्हलला ठोकायची कशी? हे कोर्टाला पटलं आणि ४० टक्के धरले, तर २५,८०,४८० होतात. २० टक्के धरले तर १२,९०,२४०. एका टक्क्यामागे ६४,५१२ रुपये आहेत, एवढं लक्षात ठेव.

म्हणून नुसता दाखला फाइलला लावून भागत नाही. उपचार संपून प्रकृती स्थिर झाल्यावर काढलेला दाखला हवा. घाईत काढलेल्या दाखल्यावर ‘अजून सुधारणा होईल’ म्हणत उलटतपासणी रंगते. शक्यतो ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांचीच साक्ष घ्या. गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो, मांडी घालता येते का, ओझं उचलून जिना चढता येतो का, हे त्यांच्या तोंडून नोंदवून घ्या. ‘रुग्णाला त्रास होतो’ या वाक्याला काही किंमत नाही.

कमाईचा पुरावा हा दुसरा कच्चा दुवा. मधूने आयकर रिटर्न भरलेलं नाही. अपघातानंतर भरू नका, ते संशयास्पद दिसतं. त्याऐवजी खात्यात आलेल्या रकमा, फोनवरून झालेले पेमेंट आणि काम देणारा ठेकेदार साक्षीला. नाहीतर कोर्ट किमान वेतनाच्या आसपास कमाई धरेल. ती १५,००० धरली तर याच ४० टक्क्यांना १६,१२,८०० च येतात.

याखेरीज उपचारांची बिलं, ये-जा, खुराक, घरी बसलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई. मेडिक्लेमने बिलं भरली असली तरी ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलंय. फक्त मेडिक्लेमवाल्यांना मूळ बिलं देण्याआधी शिक्क्यासह प्रती काढून ठेवा. मधूच्या बायकोने इतके दिवस त्याचं केलं, त्याचेही पैसे मागता येतात, घरचं माणूस म्हणून ते फुकट ठरत नाही. पायातली प्लेट काढायची असेल तर ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लेखी घ्या. हा खर्च बहुतेक जण विसरतात आणि निकालानंतर तो पुन्हा मागता येत नाही. वेदना, गमावलेल्या सुखसोयी यांना सूत्र नाही. तिथे कोर्टाची मर्जी.

आता वजाबाकी. स्पॉट पंचनामा नीट वाच. मधू चुकीच्या बाजूने वळत होता असं निघालं आणि २० टक्के चूक त्याच्यावर आली, तर एकूण रकमेतून २० टक्के जातील. हेल्मेट नव्हतं म्हणून गुडघ्याच्या दाव्यात कपात मागितली, तर त्या जखमेशी त्याचा संबंध काय, हे विचारायला लावा.

अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती चुकवू नका. पोलिसांचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. तो गेला का, हे स्वतः विचारून घे. आकडा हात आखडून लिहू नका. मागितल्यापेक्षा जास्त देण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्या भरवशावर राहणं बरं नाही.

लोकअदालतीत कंपनी एकरकमी आकडा ठेवेल. व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळतं, तेही हिशेबात धरून मगच तुलना कर. नऊ-दहा लाखांवर सही मागितली, तर आधी वरची बेरीज-वजाबाकी वकिलासमोर मांड आणि टक्का कोणता धरलाय ते विचार. एकदा ‘पूर्ण व अंतिम’ लिहून दिलं की पुढच्या ऑपरेशनचा खर्च मधूच्याच खिशातून जाईल.

दाखल्याची आणि पंचनाम्याची प्रत पाठव.

तुझा,
विनायक